प्रमिलाताईंचे चार दिवस

पहिल्यांदा मी प्रमिलाताईंना नीट पाहिलं तेव्हा त्या जिन्याखालच्या खोलीच्या उंबऱ्यात ताट घेऊन बसल्या होत्या आणि माझ्या सासूबाई त्यांच्या ताटात वरून पोळी टाकत होत्या. वरून म्हणजे चांगली हातभर उंचीवरून. पोळी अर्धी वरणात पडली आणि वरणाचे शिंतोडे ताईंच्या साडीवर उडाले. लग्न होऊन दारव्ह्याच्या त्या घरात मला आठ दिवसही झाले नव्हते. माझी मोठी जाऊ, वकिलाची बायको, पुण्यात इंजिनियरिंग शिकणाऱ्या मुलाची आई, आणि तिला असं वाढत होते! मला इतकी शिसारी आली की हातातला घास मी परत ताटात ठेवला. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी सासूबाईंपेक्षा जास्त शिसारी मला ताईंची आली, कारण त्या हसत होत्या.

ओशाळून हसत नव्हत्या. सुट्टीवर निघालेल्या माणसासारख्या खुशीत होत्या. साडीवरचं वरण बोटानं निपटून त्या मला म्हणाल्या, "काय वं वर्षा, जेव ना. माह्याकडं काय पाहून राह्यली?"

माझं माहेर यवतमाळजवळ लोहाऱ्याचं. वडील तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला, आई शाळेत शिक्षिका. आमच्या घरात पाळीबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे, पण कुणी कुणाला कोपऱ्यातही बसवत नसे. मी मराठी घेऊन एम.ए. झालेली, दारव्ह्याच्याच एका ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागलेली, मासिकांत दोन कथा छापून आलेल्या. डोक्यात हवा भरायला एवढं सामान पुरेसं होतं. माझे यजमान दिग्रसला नोकरीला. सकाळच्या एसटीनं जात, संध्याकाळच्या एसटीनं येत, आणि घरातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत एकच असे, "तुम्ही बायका पाहून घ्या."

घर चालायचं ते भाऊजींच्या मर्जीनं. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर, प्रमिलाताईंचा नवरा. समोरच्या खोलीत त्यांचं वकिलीचं ऑफिस होतं आणि तिथून दर अर्ध्या तासाला आत हाक येई, "प्रमिला, तीन चहा!" गालात कायम खर्रा. तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटून केलेला तो ऐवज आमच्या जिल्ह्यात पाण्यापेक्षा सहज मिळतो. भाऊजी तो बेसिनमध्ये थुंकत आणि बेसिन ताई धूत. जेवण झालं की ते ताटातच हात धूत, ताटातच चूळ टाकत, आणि शितं तरंगणारं ते पाणी न सांडवता ताई ताट दोन्ही हातांनी उचलून मोरीत नेत. याचा विटाळ कुणालाही होत नव्हता. हे ताट जिनं उचलायचं तिच्या हातचं पाणी मात्र महिन्यातले चार दिवस चालत नव्हतं. ही गोष्ट मी मनात जितक्या वेळा घोळवली तितक्या वेळा मला ओकारी आली. आजही येते.

त्या खोलीत ताई करतात काय, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. पहिले दोन महिने मी पाळीच्या दिवसांत माहेरी पळाले होते. तिसऱ्या महिन्यात परीक्षा होत्या, रजा मिळेना, आणि माझी आणि ताईंची पाळी एकदमच आली. निदान तेव्हा तरी मला तसं वाटलं. मी नाक मुरडत त्या खोलीत जाऊन बसले. दोन चटया, दोन कांबळी, एक माठ, वेगळी ताटं, आणि एक खिडकी, तिच्याबाहेर पेरूचं झाड. कॉलेजात मी सगळ्यांना शिवून येत होते आणि घरी आल्यावर पुन्हा अस्पृश्य होत होते, यातली मूर्खपणाची हद्द कुणाच्या लक्षात येत नव्हती.

पहिला दिवस रविवारचा, म्हणून मी घरीच होते. ताई सकाळी सातला अंघोळ करून आल्या, कांबळ्याखालून एक गठ्ठा काढला, भिंतीला टेकून पाय पसरले, मांडीवर एक जुना पाट घेतला आणि लिहायला लागल्या. गठ्ठा कसला होता ते सांगायला हवं. भाऊजींच्या ऑफिसात टाइप होऊन चुकलेले, बदललेले दाव्यांचे मसुदे रद्दीत पडत. लांब कागद, एका बाजूनं कोरे. ते ताई जमवत आणि गोधडीच्या दोऱ्यानं शिवून त्यांची वही करत. पानाच्या एका अंगाला कुणाच्या तरी धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण आणि दुसऱ्या अंगाला ताईंचं बारीक, डावीकडं कललेलं अक्षर. बारा वाजेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. ताट आलं, जेवल्या, तासभर लवंडल्या, आणि खिडकीतलं ऊन जाईपर्यंत पुन्हा लिहीत राहिल्या. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायल्या, गठ्ठा बांधला, आणि स्वयंपाकघरात जाऊन अशा उभ्या राहिल्या की जणू मधे काही झालंच नाही.

"ताई, हे कधीपासून?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"झाले असतील सतरा-अठरा वर्सं. पहिले पहिले इथं बसून रडू ये मले. मंग एक डाव पेन सापडला."

मी तेव्हा माझ्या लिहिण्याविषयी फार बोलत असे. वेळ मिळत नाही, घरात शांतता नाही, मूड लागत नाही. ताईंना मूड हा शब्दच चमत्कारिक वाटला. "मूड कायले लागते?" त्या म्हणाल्या. "पोळ्या लाटाले मूड लागते का? एक झाली का दुसरी. फक्त मधात कोणी उठवलं नाही पायजे, नाहीतर तवा जळते." मग पेन खाली ठेवून त्यांनी मला जे सांगितलं ते मी तेव्हा ऐकलं, पण कानांनीच ऐकलं. "हे पाय वर्षा, साफ बाईले सगळे आवाज देतात. बाहेर बसली का तिची कोणालेच गरज नाही, देवालेही नाही. अन् माह्या वहीले कोणी हात लावत नाही. विटाळाची आहे ना ती!"

आणि पुन्हा हसल्या. मला वाटलं, बाई इतकी पिचली आहे की पिंजऱ्यालाच घर म्हणते. मनातल्या मनात मी त्यांच्यावर चिडले आणि मला त्यांची दयाही आली.

त्यांची गोष्ट सगुणा नावाच्या बाईची होती. दिग्रसजवळच्या एका खेड्यातली सगुणा एके दुपारी भिजवलेली कणीक तशीच झाकून ठेवते आणि पिशवी घेऊन घराबाहेर पडते. अठरा वर्षांत ताईंनी तिचं लहानपण, लग्न, सासर सगळं लिहून काढलं होतं आणि आता सगुणा दिग्रसच्या स्टँडवर पुसदच्या गाडीची वाट पाहत उभी होती.

"कशाला चाललीय ती पुसदला?"

"तेच तं मले पाहाचं आहे. गाडीत बसली का कळीन."

"किती दिवस झाले ती उभी आहे?"

"आठ महिने. तिले घाई नाही. लोकं पाहून राह्यली ती."

त्यांनी मला दोन पानं वाचून दाखवली. सरकीच्या गोण्यांवर झोपलेला एक माणूस, नवऱ्याच्या मागं चार पावलं अंतर ठेवून चालणारी आणि तो थांबला की थांबणारी एक बाई, बाकावर सांडलेला चहा आणि तो न पुसता त्याच्या कडेकडेनं बसलेली माणसं. एवढंच. पण मासिकात छापून आलेल्या माझ्या दोन कथा मला त्या दुपारी उकडलेल्या बटाट्यासारख्या बेचव वाटल्या. मी भारावून म्हणाले, "ताई, चारच दिवस कशाला? ही घाण एकदा बंद होऊ द्या, तीसही दिवस लिहाल तुम्ही."

"तीस दिवस?" त्यांनी वही मिटली. "तू लय शिकली बाप्पा." ही तारीफ आहे असं मी समजले.

पुढच्याच पोळ्याला मी बंड केलं. सकाळी उठून पुरण शिजवलं, वाटलं, पोळ्या केल्या, बैलांचा नैवेद्य माझ्या हातानं काढून दिला. सगळे जेवून उठायच्या बेतात असताना मी मधोमध उभी राहून म्हणाले, "आई, आज माझा दुसरा दिवस आहे. काही आभाळ कोसळलं नाही. यापुढं मी बाजूला बसणार नाही आणि ताईंनाही बसू देणार नाही."

सासूबाई उठल्या, त्यांच्या खोलीत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मला भीती भाऊजींची होती. ते ताटात हात धूत होते. चूळ टाकून ते म्हणाले, "बरोबर आहे वर्षाचं. जमाना कुठं चालला अन् आपण कुठं बसलो! शिकलेले लोक आपण. आजपासून हे या घरात बंद. प्रमिला, तुहंही बंद."

माझी छाती अभिमानानं फुगली. ताई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं लाटणं थांबलं, आणि मी त्या पाठीकडं पाहून समजले की बाईला गहिवरून आलं असणार.

भाऊजींनी ही गोष्ट अख्ख्या दारव्ह्याला सांगितली. महिला दिनाच्या एका कार्यक्रमात त्यांना भाषणाला बोलावलं तिथंही सांगितली, आणि टाळ्या घेतल्या. घरी परत येताना ते माझ्याशी मोकळेपणानं बोलले. "आता बरं झालं पाय. ते चार दिवस चहाचे लय हाल होत होते. आईचा चहा म्हणजे नुसता काढा." इतकंच होतं ते. माझी क्रांती यांना चहासाठी हवी होती! मला त्या गाडीतून उतरून चालत घरी जावंसं वाटलं, पण मी गेले नाही, बसून राहिले, आणि वर "हो ना भाऊजी" असंही म्हणाले.

पोळ्यानंतरच्या महिन्यात एक दिवस सकाळी ताई कांबळं काखेत घेऊन जिन्याखालच्या खोलीच्या दाराशी गेल्या होत्या. सवयीनं गेल्या की मुद्दाम, हे मला ठाऊक नाही. भाऊजी ऑफिसातून ओरडले, "आता कायले तिकडं? बंद झालं ना ते! चहा आण, पक्षकार आले." ताई वळल्या. आठवड्याभरात त्या खोलीत भाऊजींच्या जुन्या फायली आल्या, आणि शिवलेल्या वह्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांमागं गेल्या.

माझ्याकडं उपाय तयार होता. माझ्याकडं त्या काळात प्रत्येक गोष्टीवर उपाय असे. मी म्हटलं, "ताई, रोज एक तास. दुपारी तीन ते चार. एकवीस दिवस केलं की सवय लागते." कुठंतरी वाचलेलं वाक्य होतं. कॅलेंडरवर मी लाल पेननं खुणा करायला जागाही ठरवून दिली.

पहिल्या दिवशी ताई तीन वाजता पाट घेऊन बसल्या तेव्हा शेजारच्या काकू मिरच्या निवडायला आल्या. बाई रिकामी बसलेली दिसली की गप्पा मारायच्या नाहीत तर काय करायचं? दुसऱ्या दिवशी भाऊजींचा चष्मा हरवला. तो त्यांच्या कपाळावर होता. त्यानंतर कधी गॅसवाला आला, कधी सासूबाईंच्या डोळ्यात औषध टाकायचं राहिलं, कधी पुण्याहून मुलाचा फोन आला की ड्रायव्हिंग लायसन्सची झेरॉक्स कोणत्या कप्प्यात आहे, आणि एकदा तर भाऊजींनी फक्त विचारलं, "काय करून राह्यली?" ताई म्हणाल्या, "काही नाही." तो तास तिथंच मोडला, कारण "काही नाही" असं तोंडानं म्हटल्यावर तेच पुढं करत बसणं त्या बाईला जमेना. कॅलेंडरवर पाच खुणा झाल्या. सहावी झाली नाही.

आणि यात मी कुठं होते? हे सांगताना मला माझीच किळस येते, पण सांगते. पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. ती चार-पाच महिन्यांची होऊन मी कामावर परत गेले. कॉलेजातून अडीचला घरी येई आणि मलाही लिहायचं असे. मी तीन वाजता मुलगी ताईंच्या मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "तासभर घेता का ताई? तुम्ही नाहीतरी बसलेल्याच असता." शब्दशः हे वाक्य. त्यांच्या मांडीवर जिथं पाट असायचा तिथं माझी मुलगी असायची, आणि वरच्या खोलीत दार लावून मी स्त्रीच्या घुसमटीवर कथा लिहायची. माझ्या पहिल्या संग्रहातल्या नऊपैकी सात कथा त्या तासात लिहून झाल्या आहेत.

मधूनमधून मी विचारी, "सगुणाचं काय ताई?"

"उभी आहे," त्या मुलीला थोपटत सांगायच्या.

मग तो रविवार आला. बाजाराचा दिवस, म्हणून समोरच्या खोलीत खेड्यांवरून आलेले पाच-सहा पक्षकार बसले होते. भाऊजींना एका जुन्या दाव्याचा मसुदा हवा होता आणि फायलींत सापडत नव्हता. रद्दी ताई जमवतात म्हणून ते स्वयंपाकघरात शोधायला आले, आणि तो सापडला डाळीच्या डब्यांमागं, ताईंच्या वहीत शिवलेला. पूर्वी ती वही त्यांनी चिमट्यानंही उचलली नसती. आता ती साफ होती. त्यांनी ती तशीच ऑफिसात नेली, पान उलटलं, आणि मागची बाजू वाचायला लागले. आधी मनात, आणि मग मोठ्यानं.

"ऐका ऐका, आमच्या घरात लेखिका निघाली!"

ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. मी त्यांच्या मागं होते. भाऊजी कोर्टातल्या आवाजात वाचत होते ते नेमकं सगुणाच्या नवऱ्याचं वर्णन होतं. तो ताटात हात कसा धुतो, बोटं एकेक करून कशी चोळतो, चूळ टाकल्यावर समाधानानं कसा ढेकर देतो, आणि सगुणा ते पाणी मोरीपर्यंत नेताना त्यात स्वतःचं तोंड कसं पाहते. पक्षकार खाली माना घालून फिदीफिदी हसत होते. वकीलसाहेब हसताहेत म्हटल्यावर हसावं तर लागणारच. आणि वकीलसाहेब सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. "हा नवरा भारी रंगवला वं तूनं! कोण हा, तुह्या माहेरचा कोणी?"

त्यांना कळलंच नाही. खरंच कळलं नाही. त्याच दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी ताटात हात धुतले, बोटं एकेक करून चोळली, आणि ढेकर दिला. मी जेवण टाकून उठले आणि मागच्या अंगणात जाऊन खरोखर ओकले.

संध्याकाळी वही परत डब्यांमागं आली होती. पानापानांच्या कोपऱ्यावर खर्ऱ्याचे तपकिरी अंगठे उमटले होते. पहिल्या पानावर भाऊजींनी हिरव्या शाईनं लिहिलं होतं, "छान प्रयत्न", आणि खाली दस्तऐवजावर करतात तशी लांबलचक सही.

दुसऱ्या दिवशी ताई सगळे गठ्ठे घेऊन माझ्या खोलीत आल्या. अकरा होते. त्या रडल्या असतील असं मला वाटलं होतं, पण डोळे कोरडे होते. "ठेव तुह्याजवळ," त्या म्हणाल्या. "ओट्याजवळ तेलकट होतात."

"ताई, तुम्ही लिहा हो पुढं. मी बोलते भाऊजींशी."

"आता सही झाली त्याच्यावर. निकाल लागला." एवढं बोलून त्या गेल्या, कारण सासूबाईंनी हाक मारली होती. त्यानंतर त्यांनी किराण्याच्या यादीखेरीज काही लिहिलेलं मी पाहिलं नाही.

माझं पुस्तक निघालं. यवतमाळला एका वाचनालयात प्रकाशन झालं आणि मी भाषण केलं. विषय मीच निवडला होता, घर सांभाळून लिहिण्याची सवय. "वेळ मिळत नसतो, तो काढावा लागतो," मी म्हणाले. "रोज एक तास. फक्त शिस्त हवी." ताई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. माझी मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपली होती, म्हणून त्या एका हातानं मांडीवर टाळ्या वाजवत होत्या. परतीच्या जीपमध्ये त्या म्हणाल्या, "चांगलं बोलली तू. मले काही ते एका तासाचं जमलं नाही बा." आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला आज हे सांगणं जरा सोपं गेलं असतं.

ताई गेल्या त्याला आता तीन वर्षं होतील. साठीच्या आतच गेल्या. सकाळी अकराची वेळ होती. भाऊजींनी तीन चहा सांगितले, पुन्हा सांगितले, तिसऱ्यांदा चिडून आत आले, आणि ताई ओट्याखाली पडलेल्या होत्या. डॉक्टर हृदयविकार म्हणाले. गॅस त्यांनी बंद केलेला होता. मला राहून राहून त्याचंच आश्चर्य वाटतं, की एवढ्या कळेत या बाईनं आधी गॅस बंद केला.

तेरवी झाली आणि चारच दिवसांनी भाऊजींनी मला बोलावलं. "प्रमिलाच्या नावानं एक पुस्तक काढू. ते तिचे कागद तुह्याजवळ आहेत ना? चांगला चांगला भाग निवड. प्रस्तावना मी लिहितो." बोलता बोलता डोळे पुसत होते, आणि गालात खर्रा होता. माणूस खोटं रडत नव्हता, हे मी मान्य करते. पण हिरव्या शाईची ती सही माझ्या डोळ्यांपुढं आली आणि अंगावर पाल पडावी तसं झालं मला.

"माझ्याजवळ नाहीत भाऊजी," मी म्हणाले. "ताईंनीच विकले रद्दीत." आयुष्यात इतक्या सहज मी कधी खोटं बोलले नव्हते.

सासूबाई आतल्या दाराशी बसून हे ऐकत होत्या. पंच्याऐंशी वर्षांची बाई, डोळ्यांनी अधू, कानांनी पक्की. मी आत आले तशी त्यांनी माझा पदर धरून खाली बसवलं. "वह्या तुह्या कपाटात आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "मले माहीत आहे. राहू दे. तुहं खोटं लहान आहे. तिचं मोठं होतं."

"कुणाचं?"

"प्रमिलाचं. तू या घरात आली ना, त्याच्या दोन वर्सं आधीच तिची पाळी गेलती."

मला आधी अर्थच लागेना. "मग त्या बसायच्या ते?"

"बसे. दर महिन्याले, मोजून चार दिवस. मी काय आंधळी होती का तवा? आधी मागच्या तारेवर तिचे फडके वाळत. मंग दिसेचनात."

"आणि तुम्ही काही बोलल्या नाहीत?"

"कायले बोलू? मले वाचता येत नाही. पण चौथ्या दिवशी ती न्हाऊन आली का तिचं तोंड पाहे मी. पोरगी तापातून उठल्यावर दिसते तसं, ताजं. म्हणलं, बसू दे. चार दिवस सैपाक मी केला तं काय मरतो मी? अन् मी कडक राह्यली म्हणून तं कोणाले शंका नाही आली."

ज्या बाईला मी इतकी वर्षं त्या घराची मूळ घाण समजत होते, ती एका खोट्यासाठी दर महिन्याला चार दिवस चुलीशी उभी राहत होती, आणि सुधारणेचा झेंडा घेऊन आलेली मी त्या खोलीचं दार बंद करून बसले होते. ती प्रथा घाणच होती. माझी मुलगी आता मोठी होते आहे, आणि तिला कुणी वरून पोळी टाकली तर तो हात मी धरीन. यात मला कणभर शंका नाही. तरीही त्या दुपारी मला माझ्या अंगाचा, माझ्या पुस्तकाचा, माझ्या त्या भाषणाचा असा वीट आला की सांगता येत नाही.

"आई," मी म्हणाले, "मी फार चुकले हो."

"तू कायची चुकली? तूनं तं चांगलंच केलं." त्यांनी माझा पदर सोडला. "वाईट करणारा माणूस भेत भेत का होईना, एकदा इचारते. चांगलं करणारे कोणी कोणाले इचारत नाहीत. तूनंही तिले इचारलं नाही."